कोशिंबावरची लाख

शिवा मुंबई सोडून कायमचा घरी आला आणि महिन्याभरात चिमाच्या घरातलं लाकूड म्हणून जे काही होतं ते सगळं चकाकायला लागलं. दारं झाली, देव्हारा झाला, पाट झाले, बाकडं झालं. शेवटी कोंबड्यांच्या खुराड्याचं दारही त्याने सोडलं नाही. चिमा बघत राहिली. घरभर स्पिरिटचा वास कोंदला होता, भाकरीलासुद्धा तो लागल्यासारखा वाटायचा, पण माणूस हौसेने करतोय म्हणताना काही बोलावं असं तिला वाटेना. खुराड्याचं दार झाल्यावर मात्र घरात पॉलिश करण्याजोगं काही उरलं नाही, आणि तिथून खरी पंचाईत सुरू झाली.

शिवा गिरगावातल्या एका फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचा. चपडा म्हणजे मधाच्या रंगाचे पातळ, ठिसूळ पापुद्रे. ते स्पिरिटमध्ये विरघळवायचे, कापसाचा बोळा मऊ फडक्यात गुंडाळून त्यात बुडवायचा आणि लाकडावर हात गोल फिरवत राहायचं. एक थर, मग दुसरा, मग आणखी. हाताला थांबायचं माहीत नसे. पुढे लोकांना झटपट फवाऱ्याचं पॉलिश हवंसं झालं, बोळ्याने चोळणारा माणूस कुणाला परवडेना, आणि मालकाने कारखाना बंद करून जागा गोदामाला दिली. मुलगा विनीत बदलापूरला स्वतःच्या संसारात होता. त्याच्याकडे खोलीच्या एका कोपऱ्यात राहण्यापेक्षा गावी जावं असं शिवाने ठरवलं.

गाव म्हणजे खेडच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीतली लहानशी वाडी. लग्न झाल्यापासून चिमा इथेच. भात, नाचणी, दोन म्हशी, सासू, विनीतची शाळा, गळणारी कौलं, सगळं तिने एकटीने ओढलं होतं. नवरा यायचा गणपतीला, शिमग्याला, जमलं तर मे महिन्यात. तो यायचा तेव्हा घरात सण असायचा आणि सण संपला की तो जायचा. अशा नवऱ्याबरोबर कसं राहायचं ते तिला नेमकं ठाऊक होतं. रोजच्या नवऱ्याचं काय करायचं, ते मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं.

त्याच्या पायाला भिंगरी होती. पडवीत बसे, उठे, गोठ्यापर्यंत जाई, परत येई. एसटीच्या थांब्यावर जाऊन कुठली गाडी आली ते बघून येई. चिमाने उभ्या जन्मात भूक लागेल तेव्हा चुलीपुढे बसून खाल्लं होतं. आता दुपारी ताट वाढायला लागे. तिने कोयती ज्या खुंटीला टांगली ती त्याने दुसऱ्या खुंटीला टांगली, आणि तिचा हात दर वेळी रिकाम्या जागी जाऊन परत यायला लागला. त्याच्यावर तिचा राग नव्हता. पण पाहुणा आलाय आणि जायचं नाव घेत नाही, असं काहीसं तिच्या मनात येई, आणि आलं की तिला स्वतःचीच लाज वाटे.

पौषात शिवा मुंबईला राहिलेलं सामान आणायला गेला तो आठवडाभर आलाच नाही. आला तो खांद्यावर गोणपाटाचं गाठोडं घेऊन. डोळे लाल, दाढी वाढलेली, आणि चेहऱ्यावर असा उल्हास की चिमा क्षणभर घाबरलीच. तो मुंबईहून आलाच नव्हता, पार गोंदियाकडून आला होता. गाठोड्यात काड्या होत्या. बोटभर जाडीच्या, आणि त्यांच्या भोवती तपकिरी खरबरीत पापुद्रा, जसा काही झाडाला कुष्ठ व्हावा तसा.

मग पडवीत बसून त्याने तिला सगळी हकिगत सांगितली. चपडा विकणाऱ्या जुन्या व्यापाऱ्याकडे तो निरोप घ्यायला गेला होता. तिथे एक माणूस असल्याच काड्या घेऊन आला होता. चपडा यातूनच निघतो, तो म्हणाला. बारीक किडा असतो, तो झाडाच्या कोवळ्या फांदीला चिकटतो, रस पितो आणि स्वतःभोवती डिंकासारखं घर करून त्यातच राहतो. ते घर म्हणजे लाख. ती खरवडायची, धुवायची, वितळवायची, की झाला चपडा. कुठलं झाड, म्हणून शिवाने विचारलं. त्या माणसाने वर्णन केलं. पालवी तांबडी येते, फळ आंबट, बीचं तेल निघतं. शिवा तसाच त्याच्याबरोबर गोंदियाला गेला आणि जिवंत किड्यांच्या काड्या घेऊन आला.

"आपला कोशिंब गं," शिवा म्हणाला. "आपल्या वरकसातला. इतकी वर्षं मी मुंबईत बसून ज्याच्यावर पोट भरलं ते आपल्या झाडावर पिकतंय, आणि मला पत्ता नाय."

चिमाने एक काडी उचलून नाकाशी नेली. कसलाच वास आला नाही. किडे म्हटल्यावर तिला शिसारी आली होती, पण त्याच्या तोंडाकडे बघून तिने ती काडी हळूच खाली ठेवली आणि चहा टाकायला आत गेली. चहा देऊन ती गोठ्यातलं काम आटपून येईतो गाठोडं आणि शिवा दोन्ही पडवीतून गेलेले होते.

वरकसातला, डोंगरउताराच्या जमिनीतला, तो कोशिंब चिमाचा होता. सातबाऱ्यावर नसेल, पण होता. ज्येष्ठ महिन्यात ती त्याच्या बिया वेचायची, घाण्यावर नेऊन तेल काढून आणायची. सासूचे गुडघे त्याच तेलाने चोळले होते, विनीतचं डोकं त्याच तेलाने माखलं होतं. एका अंगाच्या फांद्या राबासाठी, भाताच्या रोपाची जमीन भाजायला, तोडायच्या आणि दुसऱ्या अंगाच्या फळाला ठेवायच्या, असा तिचा शिरस्ता होता. तोडलेल्या अंगाला म्हणूनच हिरवे कोवळे फाटे भरपूर फुटले होते. शिवाने तेच बघितले आणि त्याला वाटलं, झाड देवाने तयारच ठेवलंय.

दुपारी ती तिथे गेली तेव्हा तो झाडावर चढून सुतळीने काड्या बांधत होता, दोन्ही अंगांना. तो वरून काहीतरी उत्साहाने सांगत होता. तिने मान डोलावली. तिच्या जिभेवर आलं होतं ते तिथेच राहिलं आणि ती घरी परतली. त्या दिवशी तिने भात करपवला.

थोड्या दिवसांत किडे बाहेर पडले. शिवा तिला हाताला धरून घेऊन गेला. फांद्यांवर कुणी कुंकू सांडावं तशी तांबडी धूळ पसरली होती, आणि नीट बघितलं की ती धूळ चालत होती. शिवा दिवसभर तिथेच असायचा. मुंग्या हाकलायचा, वाळलेल्या काड्या सोडवून घ्यायचा, फांद्यांवरून बोट न लावता नुसती नजर फिरवायचा. मग फांद्यांवर पांढरी लव आली, पानांवर चिकट थेंब पडायला लागले, आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी चढली. खालची पायवाट चपलेला चिकटायला लागली. गावाने अजून काही विचारलं नव्हतं, पण विचारणार हे चिमाला कळत होतं. तिला विहिरीवर जायलाही नकोसं होई.

शिमग्यात पालखी घरोघर फिरायला निघाली तेव्हा वाट कोशिंबाखालूनच होती. पालखीबरोबर नाचणारे खेळे थांबले, माना वर झाल्या. कुणीतरी म्हणालं, झाडाला महारोग झालाय. हसण्यावारी गेलं ते. पण होळीनंतर नितेशच्या काजूचा मोहोर काळा पडायला लागला.

नितेश भावकीतला, चाळिशीचा. चिमा लग्न होऊन आली तेव्हा तो दप्तर पाठीला लावून शाळेत जायचा. त्याची काजूची बाग कोशिंबाला लागूनच होती, मधे फक्त कमरेएवढा दगडी गडगा. बागेवर त्याचं सगळं होतं. मोहोर करपतोय म्हटल्यावर त्याची झोप उडाली, आणि गडग्यापलीकडे बघितलं तर काळं झालेलं झाड आणि त्यावर लाखो किडे. दुसरं कारण त्याने शोधलं नाही, कुणीही शोधलं नसतं.

देवळापुढच्या मांडवात गाव बसला. शिवा उभा राहिला आणि बोलायला लागला. लाखेचा किडा एकदा बसला की जागा सोडत नाही, काजूवर तो जगतच नाही, मोहोराला लागतो तो ढेकण्या वेगळा. तो खरंच सांगत होता. पण तो बोलत होता मुंबईच्या माणसासारखा, हात उडवत, अर्धं हिंदी मिसळून, आणि गाव त्याच्याकडे जे बघत होता ते परक्याकडे बघावं तसं. मांडवाच्या कडेला बायकांत बसलेल्या चिमाला ते दिसत होतं. वाटत होतं, याने आता गप्प बसावं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "तुझं काय रे, तू पावणा. उद्या उठून जाशील. बागा आमच्या जातील."

शिवा बसला तो उठलाच नाही. कृषी सहाय्यकाला बोलावून दाखवायचं ठरलं, पण तो रजेवर होता. तोवर कुणी काही करायचं नाही, असं म्हणून गाव उठला.

त्यानंतर घरात शिवाची पुन्हा येरझार सुरू झाली. पडवीतून गोठ्यात, गोठ्यातून पडवीत. चारच दिवसांत जुन्या मालकाचा फोन आला. कुणाच्या तरी बंगल्यातल्या जुन्या सामानाला बोळ्याचंच पॉलिश हवं होतं, महिन्याभराचं काम, येतोस का? शिवाने पिशवी भरली. चिमाला वाटलं, त्याला थांब म्हणावं. तेवढ्यात तिला असंही वाटलं की बरं झालं, घर जरा मोकळं होईल. ही दोन्ही वाटणं एकाच वेळी आली आणि तिला कुठल्याचंच तोंड सापडेना. एसटीच्या पायरीवर उभं राहून तो म्हणाला, "झाडाकडे बघ." गाडी गेली.

झाडाकडे बघ. माझ्याकडे कोण बघणार, ते नाय सांगितलं, असं पुटपुटत ती घरी आली.

पहिले दिवस ती मुद्दाम तिकडे फिरकली नाही. कोयती आपल्या खुंटीला लावली, चुलीपुढे बसून खाल्लं. पण घर पूर्वीसारखं होईना. दुपारची वेळ झाली की हात आपोआप ताटाकडे जायचा. फोन रोज यायचा, आणि फोनवर पहिला प्रश्न फांद्यांचा. लव गेली का, रंग चढला का, मुंग्या किती. तिला माहीत नसे म्हणून ती काहीबाही ठोकून द्यायची. खोटं सांगायचा कंटाळा आला तेव्हा ती बघायला गेली.

एकदा गेली आणि मग रोजच जायला लागली. लव झडली होती. फांद्यांना तांबूस, गुळगुळीत गाठी धरल्या होत्या, एकाला एक चिकटून, काही ठिकाणी फांदी दिसतच नव्हती. उन्हात त्या गाठींतून उजेड आरपार गेल्यासारखा वाटे. आत काही जिवंत आहे हे कळत नव्हतं, पण दर चार दिवसांनी थर वाढलेला असे. तिला ते आवडत होतं का? तसं तिने कुणाला सांगितलं नसतं. पण म्हशी सोडायला निघाली की वाट वाकडी करून ती कोशिंबाखालून जायची, आणि गेली नाही तर दिवसभर काहीतरी राहिल्यासारखं वाटायचं. शिवाची ती येरझार आपल्याच पायांत शिरली की काय, असं तिला एकदा वाटून गेलं.

चैत्राच्या एका सकाळी नितेश आला. पडवीच्या कडेला टेकला. चिमाने चहा आणून ठेवला तो त्याने घेतला नाही. पेल्यावर साय धरली. एरवी तो स्वैपाकघरात येऊन चहा मागून घ्यायचा.

"काकी," तो म्हणाला, "कृषीवाला यायचा तेव्हा यील. माझा मोहोर तवर ऱ्हायचा नाय. तुमचं झाड तोडा असं मी बोलत नाय. माझ्या बागेवर ज्या फांद्या आल्यात तेवढ्या तरी काढा. मी काढल्या तर भांडण व्हईल. तुमी काढा."

ती म्हणाली, बघते. तो उठून गेला. चहा तिने कुत्र्याच्या भांड्यात ओतला.

तो दिवस तिने कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. शिवाला फोन लावावा म्हणून तिने मोबाइल हातात घेतला आणि ठेवला. त्याला विचारलं तर तो काय म्हणणार हे तिला माहीत होतं. नको म्हणणार, किडे काजूवर जात नाहीत म्हणणार, आणि ते खरंही असेल. पण तो म्हणणार मुंबईत बसून. जगबुडी नदीला पूर आलेल्या त्या पावसाळ्यात सासूचा श्वास अडकला तेव्हा रस्ता पाण्याखाली होता. नितेशने टेम्पो काढला, वरच्या आडवाटेने, दरड आली तिथे उतरून दगड बाजूला करत, म्हातारीला खेडच्या दवाखान्यात पोचवलं. म्हातारी आणखी तीन वर्षं जगली. शिवा त्या वेळी फोनवर होता. नितेशने ते कधी बोलून दाखवलं नाही. आजही दाखवलं नाही. नुसता चहा प्यायला नाही.

सकाळी दव वाळायच्या आत चिमाने पदर खोचला, कोयती घेतली आणि ती वरकसात गेली. पन्नाशीची बाई झाडावर चढते हे कुणी बघितलं असतं तर हसलं असतं, पण राबासाठी ती दरवर्षी चढायची. गडग्याच्या बाजूची पहिली फांदी तिने एका घावात उतरवली. मग दुसरी. नेमकं सगळ्यात दाट धरलं होतं ते त्याच अंगाला. हात थांबला तर पुन्हा उचलणार नाही हे तिला कळत होतं, म्हणून ती थांबली नाही.

खाली उतरून तिने फांद्या ओढून गोळा केल्या. गाठी हातात चुरडत होत्या. तळहात ओला लागला म्हणून तिने बघितलं तर लाल. आपल्यालाच कापलं असं समजून तिने पदराला हात पुसला, पण जखम कुठेच नव्हती. मग तिने एक गाठ नखाने फोडली. आतून तांबडा थेंब आला. दुसरी फोडली, तिच्यातूनही आला. गुळगुळीत, निपचित दिसणाऱ्या त्या गाठींत एकेक जीव बसला होता, आणि तो रंग त्यांचा होता.

ती त्या फांद्यांशेजारी खाली बसली. ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून राहिली. घरी जाऊन तिने राखेने हात घासले, साबणाने घासले, पण नखांच्या कडांचा रंग जाईना. लग्नातला आळता असाच दिवसेंदिवस राहिला होता.

मग तिने फोन लावला. इकडचं तिकडचं काही न बोलता सांगून टाकलं. नितेशच्या अंगाच्या फांद्या मी तोडल्या.

पलीकडे कुणीतरी लाकडावर कानस घासत होतं.

"मला एकदा इचारायचं तरी व्हतंस," शिवा म्हणाला.

"तुमी बांधताना मला इचारलं व्हतं?"

आवाज चढवून ती हे बोलली नाही. तिला ते बोलायचंही नव्हतं. पण पौषापासून जिभेवर बसलेलं वाक्य होतं ते, आणि निघालं ते असं निघालं. शिवाने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही, तिसऱ्याही आला नाही. चिमा कामाला लागली की काम अर्धं टाकून उठायची. म्हशीचं दूध काढताना धार भांड्याबाहेर जायची. जनी, तिची जाऊ, दळण न्यायला आली तेव्हा तिच्या नखांकडे बघत राहिली पण विचारलं नाही. चिमाला वाटायचं, आता तो येणारच नाही. बंगल्यावरचं काम संपलं की दुसरं धरेल, मग तिसरं, आणि गणपतीला येईल पेढे घेऊन, पूर्वीसारखा. तसं झालं तर तिला सवय होती. मग ज्याची सवय आहे त्याचीच धास्ती का वाटावी, हे तिला उमगेना.

तो आला सकाळच्या गाडीने, काम अर्धवट टाकून. पिशवी पडवीत ठेवली आणि पाणीही न पिता वरकसाकडे निघाला. चिमा मागून गेली. तोडलेल्या फांद्या तिने रचून ठेवल्या होत्या, वाळून त्यांच्यावरच्या गाठी काळवंडल्या होत्या. शिवाने त्यांना हात लावला नाही. झाडाभोवती फिरला. राहिलेल्या अंगाच्या फांद्या बघितल्या. शेंड्याकडच्या उन्हाने सुकल्या होत्या, मधल्या मात्र भरून आल्या होत्या.

"अर्धं गेलं," तो म्हणाला.

"अर्धं ऱ्हायलं," ती म्हणाली. मग तिने त्याला ते सांगितलं जे तिने कधी सांगितलं नव्हतं. म्हातारीला टेम्पोतून नेलं ती वाट, दरड, नितेशचे चिखलात गेलेले पाय. पुरात आईला दवाखान्यात नेली एवढंच शिवाला ठाऊक होतं. कुणी, कशी, हे त्याने त्या वेळी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं. आणि मग तिने बियांचंही सांगितलं, तेलाचं, एक अंग राबाला आणि एक अंग फळाला ठेवण्याचं. ती बोलत गेली. इतकं ती त्याच्याशी सलग कधी बोलली नव्हती. शिवा गडग्यावर बसून ऐकत होता, आणि येऊन महिनोन्‌महिने झाले तरी पहिल्यांदाच त्याचे पाय हलत नव्हते.

"हे झाड तुझं व्हतं," शेवटी तो म्हणाला. "मला वाटलं, नुसतं उभं हाय."



वैशाख आग ओकत गेला. नितेशचा मोहोर फांद्या तोडूनही काळा पडतच राहिला, आणि गडग्यापासून लांब, बागेच्या पार पलीकडच्या टोकालाही पडला. कृषी सहाय्यक आला, बघून गेला, फवारणी सांगून गेला. किड्याबद्दल शिवा म्हणाला होता तेच तो म्हणाला. नितेश त्यानंतर दोनदा रस्त्यात भेटला आणि दोन्ही वेळा म्हशींबद्दल बोलला. फांद्या तोडल्याचं वाईट वाटतं का, असं जनीने चिमाला विचारलं. वाटतं, ती म्हणाली, पण तोडल्या नसत्या तर मोहोर माझ्यामुळेच गेला असं त्याच्या मनात जन्मभर राहिलं असतं. ते त्याच्या मनातून मी कसं काढणार होते?

मृगाच्या आधी शिवाने राहिलेल्या लाखेची तोड केली. आणखी थोडे दिवस ठेवायला हवी होती, पण आभाळाचा भरवसा नव्हता. बियाण्यासाठी काही काड्या झाडावरच ठेवल्या. बाकीच्या काड्या दोघांनी पडवीत बसून खरवडल्या, निघालेली लाख पाट्यावर भरडली, गोठ्याच्या मागे बादलीत धुतली. धुतलेलं पाणी लालभडक निघालं, ते कोंबड्यांनी तुडवलं आणि अंगणभर लाल पावलं उमटली. सावलीत वाळवल्यावर परातभर दाणे राहिले.

चपडा करायचा कसा हे शिवाने गोंदियाला बघितलं होतं, हाताने केलं नव्हतं. जुन्या धोतराची लांब, सुरळीसारखी पिशवी शिवली, तिच्यात दाणे भरले. एकाने एक टोक घट्ट धरायचं, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाने पिळत जायचं, आणि मधला भाग निखाऱ्यांच्या धगीवर धरायचा. आत लाख वितळते आणि कापडातून पाझरते. पहिली पिशवी त्यांच्या हातून जळली. शिवा जोरात पिळत होता आणि चिमाला धग सोसेना, दोघांचा मेळच बसेना. दुसऱ्या पिशवीला चिमा म्हणाली, तुमी धरा, पिळते मी. ती ताक घुसळावं तशी सावकाश पिळत राहिली. कापडावर मधासारखे थेंब डवरले. शिवाने ते पात्याने ओढून केळीच्या खोडाच्या सोपटावर पसरले.

एवढ्यात नितेश फणस खांद्यावर घेऊन आला. कापा होता, कडक गऱ्यांचा. पडवीत टेकवला, घाम पुसला आणि धूर कसला म्हणून मागच्या अंगणात आला. चिमाच्या हातून पीळ सुटतोय असं दिसलं तेव्हा म्हणाला, "काकी, सरा," आणि टोक त्याने हातात घेतलं. काजूचं कुणी काही काढलं नाही. पिशवी रिकामी झाल्यावर चिमाने चहा आणला, तो त्याने पडवीत न जाता तिथेच चुलीशी उकिडवा बसून घेतला आणि आणखी अर्धा पेला मागितला.

चपडा काही गिरगावातल्यासारखा झाला नाही. जाड, काळपट, मधे मधे कोळशाचे कण. शिवाने एक तुकडा उजेडाकडे धरला, मोडून बघितला. काच मोडावी तसा कट्‌कन मोडला. तो पुन्हा पुन्हा मोडून बघत राहिला.

नितेश गेल्यावर तो पडवीत आला. झाडावर ठेवलेल्या काड्यांतले किडे थोड्याच दिवसांत बाहेर पडणार होते, आणि त्याआधी त्यांच्यासाठी नवं झाड शोधायला हवं होतं. तो एकदा अंगणात जाऊन आला, मग चिमाजवळ येऊन बसला.

"कुठं बांधूया?" त्याने विचारलं.

चिमा फणस फोडायला बसली होती. हाताला तेल लावता लावता तिने विचार केला.

"कोशिंबाला यंदा मोकळा ठेवा. दमलाय तो. बोरीवर बी किडा धरतो म्हनालेलात ना तुमी, त्या नदीकडं हायत, पन जनीच्या वाटणीच्या. तिला इचारायला लागंल."

"मग मी जाऊन इचारतो."

"तुमी नका. तुमी गेलात की भाषण कराल." ती उठली, हात पदराला पुसले. "चला, दोघं जाऊ. आत्ताच जाऊ, ती दुपारची घरी असते."

फणस तसाच पडवीत राहिला. शिवा चपला शोधेपर्यंत ती खालच्या पायवाटेला लागली होती.